भागवतनं बूट का दिले नाहीत

भागवत,

भांडण अर्धवट टाकून तू असा निघून जाशील असं मला वाटलं नव्हतं. एकवीस वर्षं ते चालू होतं. मी बोलायचो, तू ऐकायचास, आणि शेवटी म्हणायचास, "जाऊ दे लिंब्या, चुकलं माझं." मग मी दुसरा विषय काढायचो. तुझ्या तेराव्याला तुझ्याच ओट्यावर बसलो होतो, तेव्हा आपल्या जुन्या मंडळींपैकी कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "तेवढं बुटाचं सोडलं तर माणूस सोन्यासारखा व्हता." सगळ्यांनी माना हलवल्या. माझीही हलली.

ती हलली म्हणून हे लिहितोय. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या अंकाला तुझ्यावर दोन-चार पानं हवी आहेत. "तुम्ही त्यांचे सगळ्यांत जवळचे," असं संपादक फोनवर म्हणाले. तू कुठल्या शाळांवर होतास, किती पोरं शिकवलीस, ते दुसरं कुणी लिहील. मला फक्त एका तंबूबद्दल लिहायचं आहे. ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, कारण ती मीच जिथं तिथं सांगत आलो. पण मी अर्धीच सांगत आलो.

आपण जालन्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. मी अंबडकडच्या मेंढपाळाचा, तू जाफराबादकडच्या शेतकऱ्याचा. होस्टेलात एक खोली, एक बादली. कॉलेजातून सात जणांना हिमालयात गिर्यारोहणाच्या कोर्सला पाठवायचं ठरलं आणि पळण्याच्या चाचणीत आपण दोघं निवडले गेलो. मी पळण्यात पहिला, तू सातवा. तू सातवा आलास तो आठव्याच्या पायात गोळा आला म्हणून, हे मी तुला पूर्ण प्रवासभर ऐकवलं. आपल्यापैकी कुणीही बर्फ पाहिला असला तर तो रसवंतीवर, पोत्यात गुंडाळलेला. तो जमिनीवर पडतो आणि त्यावर माणसं चालतात, हे रंगनाथला खोटं वाटत होतं. रंगनाथ म्हणजे आपला मंठ्याचा. वरच्या तळावर पहिल्यांदा बर्फात पाय रुतला तेव्हा तो ओरडला होता, "अरे, हे तर बुडायला लागलं!"

तिथं पोचेपर्यंत एक तंबू खेचराच्या पाठीवरून सुटून नाल्यात गेला होता. उरलेल्या तंबूत पाच माणसं झोपतात, आणि आपण सात. आपल्याला शिकवणाऱ्याला सगळे उस्ताद म्हणत. त्यानं आपल्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "एक ही गाँव के हो, एडजस्ट करो." अख्ख्या जिल्ह्याला गाव म्हणाला म्हणून रंगनाथ रात्रीच्या जेवणापर्यंत धुसफुसत होता.

तो तंबू आठवतो ना? एकाचं डोकं दाराकडे, दुसऱ्याचं मागच्या बाजूला, अशी आलटून पालटून माणसं. माझ्या नाकापाशी रंगनाथचे मोजे असायचे. एकानं कूस बदलली की सगळ्यांना बदलावी लागायची. कुणीतरी "पलटी!" म्हणून ओरडायचं, मग सातही जण एकदम वळायचे. न वळणाऱ्याला कोपर बसायचं. आपल्या श्वासाची वाफ छताला लागून गोठायची आणि कुणी हललं की पिठासारखी तोंडावर पडायची. मी म्हणालो, आमच्या वाघुरात, जाळीच्या कोंडवाड्यात, मेंढरं याहून ऐसपैस असतात. तू म्हणालास, "मेंढरांना लोकर असती लिंब्या, आपल्यापाशी नुसती बडबड हाय."

सगळ्यांत वाईट जागा कडेची. तिथं कापडाला पाठ लागायची आणि कापडाच्या पलीकडे बर्फ. शिवाय कडेला झोपणाऱ्यानं मधून मधून आतून कापड झटकायचं, नाहीतर साचलेल्या बर्फानं तंबू बसायचा. म्हणून पाळी लावली होती. आज जो कडेला, तो उद्या एक जागा आत.

पाळी ही गोष्ट मला कधीच पटली नाही. पाळी म्हणजे चांगल्या जागेची किंमत न करता ती वाटून टाकणं. तेव्हा माझं दुकान नव्हतं, ताडपत्री आणि दोर विकायला मी पुढं तीन वर्षांनी मंठ्याच्या बाजारात जमिनीवर बसलो, पण डोकं तेव्हाही तेच होतं. मी पाहिलं की तंबूत आठवा माणूस झोपतोय, आणि तो म्हणजे आपले बूट. संस्थेनं दिलेले ते चामड्याचे बोजड बूट, सात जोड. उस्तादाची सक्त ताकीद होती, बूट आत घ्या, पोटाशी घ्या, बाहेर ठेवाल तर सकाळी रडाल. मी सौदा मांडला. माझे बूट मी बाहेर ठेवतो, तेवढी जागा तुम्हाला. बदल्यात कोर्स संपेपर्यंत मधली जागा माझी, पाळी नाही.

तू एकटाच म्हणालास, "उस्तादानं काय सांगितलं ते ऐकलं न्हाई का?"

"उस्तादाच्या घरी पायताण चुलीपाशी ठेवत असतील. आमच्यात दाराबाहेर ठेवतेत."

सगळे हसले. तरी सौदा पक्का होईना, तेव्हा मी देव मध्ये आणला. माझ्या मायनं खंडोबाच्या भंडाऱ्याची पुरचुंडी दिली होती, ती तंबूच्या खांबाला बांधलेली. मी म्हणालो, "भंडाऱ्याखाली बूट ठेवता? वर चढायचंय का कोसळायचंय?" मग सौदा पक्का झाला. देवाला धरून कुणाचे बूट बाहेर जायला हवे होते तर सगळ्यांचे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तुझ्या आलं होतं. तू माझ्याकडे बघून नुसता हसलास. "बर्फात बी बाजार मांडला यानं," म्हणालास. आणि त्या दिवशी कडेची पाळी माझी होती, ती तू घेतलीस.

मग चार-पाच दिवस मी मध्ये झोपलो. आयुष्यातला सगळ्यांत चांगला सौदा केला असं मला वाटत होतं. बूट बाहेरच्या झडपेखाली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. बर्फ पडत नव्हता तोवर काही बिघडलं नाही, चामडं फक्त कडक व्हायचं. तो कडकपणा मी पायानं मोडायचो आणि ओला मोजा तसाच चढवायचो. कुणी विचारलं तर म्हणायचो, काही नाही, गरम आहेत.

या दिवसांतली एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण ती माझ्याशिवाय आता कुणाला ठाऊक नाही. एका दुपारी आपण दोघं दगडावर बसलो होतो. समोर तो सगळा डोंगर पांढरा. तू एकटक पाहत होतास. मी म्हणालो, "एवढी जमीन, अन् एक पायली पिकत न्हाई." तू म्हणालास, "बरं, ह्याचा भाव कर." मी केला. पाण्याचा धरला, दगडाचा धरला, वाहतुकीचा खर्च वजा केला. तू इतका हसलास की तुला खोकला सुरू झाला. तो खोकला मग थांबलाच नाही. दोन दिवसांनी ताप आला आणि उस्तादानं तुला सांगितलं की शेवटच्या चढाईला तू जायचं नाहीस, तळावर थांबायचं. तुला केवढं वाईट वाटलं होतं. तू ते कुणाला दाखवलं नाहीस. मला दिसलं. पण माझं लक्ष माझ्या चढाईकडे होतं. मला कुणीतरी सांगितलं होतं की या कोर्सला पहिली श्रेणी मिळाली तर सरकारी नोकरीत उपयोग होतो. आमच्या घरात तोवर कुणाला महिन्याचा पगार मिळाला नव्हता.

चढाईच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही हिमनदीवरून परत आलो. मी तंबूत येऊन मोजे काढले. बाकीचे बाहेर चहाच्या रांगेत होते. तू पांघरुणात बसला होतास. माझ्या उजव्या पायाची दोन बोटं मेणासारखी पांढरी झाली होती. तू पुढं सरकलास.

"लिंब्या, हे बोट जाणवतं का?"

"जाणवतं की."

"मी तर हातच न्हाई लावला अजून."

मग तू हात लावलास. मला खरंच काही कळलं नाही. जणू दुसऱ्याच्या पायाला लावला. तू तुझा स्वेटर वर केलास आणि माझे दोन्ही पाय तुझ्या पोटाला लावून घेतलेस. तुझ्या अंगात ताप होता, पोट तव्यासारखं होतं. तू दात आवळून बसून राहिलास. किती वेळ, सांगता येत नाही. रांग संपत आली तरी तू तसाच होतास.

"उस्तादाला सांगतो," तू म्हणालास.

"खबरदार! उद्याच्या उद्या खाली धाडतेत. कोर्स अर्धा सुटला तर सर्टिफिकेट बी न्हाई भेटत."

"मंग बोटं जाऊ द्यायची का?"

"माझी हायत, जाऊ दे."

तू उठायला लागलास. मी खांबाची पुरचुंडी सोडली, चिमूटभर भंडारा तुझ्या तळहातावर ठेवला आणि वरून माझा हात दाबला. आपल्याकडं भंडारा हातावर घेऊन दिलेला शब्द मोडत नाहीत, हे तुलाही माहीत होतं. तुमच्याही देव्हाऱ्यात खंडोबा आहे. मी म्हणालो, "म्हण, लिंबाजीच्या पायाचं कुणाला सांगणार न्हाई. तो मोकळं करीस्तोवर न्हाई." तू तसंच म्हणालास. आणि भंडारा कपाळाला लावलास.

त्या रात्री बर्फ पडला. पहाटे मी झडपेखाली हात घातला तर प्लास्टिक फाटलेलं आणि बुटांच्या आत बर्फ गोठलेला. चामडं दगड झालं होतं. नाड्या तारेसारख्या उभ्या. मी पाय घालून पाहिला, टाच आत जाईना. बाहेर बाकीचे पाच जण दोराला बांधून घेत होते. तंबूत तू होतास, आणि तुझ्या पोटाशी तुझे बूट. माझ्याच मापाचे, कोरडे, गरम.

"दे," मी म्हणालो.

"न्हाई."

"भागवत, वेळ न्हाई, दे जल्दी."

तू अगदी हळू, माझ्या कानाशी म्हणालास, "बोटं जातील रे तुझी. सगळा दिवस बर्फात चालायचं हाय."

मी ओरडलो. मुद्दाम बाहेर ऐकू जाईल असा ओरडलो. "तुला जायचं न्हाई म्हून मला बी जाऊ देत न्हाई का?" मी तुझी कॉलर धरली. रंगनाथ आत डोकावला, त्याच्यामागून उस्ताद. "क्या हुआ?" उस्तादानं विचारलं.

तू तेव्हा खरं सांगू शकत होतास. पाय दाखव म्हणायला तुला एक शब्द पुरला असता. तू बूट छातीशी धरून म्हणालास, "कुछ नहीं उस्ताद. बूट मेरे हैं, मैं नहीं दूँगा."

एवढंच सगळ्यांनी ऐकलं. एवढंच एकवीस वर्षं चालू राहिलं.

उस्तादानं माझ्या बुटांकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि मला म्हणाला, "तुम भी रुको." ते सगळे वर निघून गेले.

तो दिवस मी कधी कुणाला सांगितला नाही. सातांच्या तंबूत आपण दोघंच. एवढी जागा मोकळी, आणि आपण दोन कडांना बसलेलो. दारातून मला वरच्या उतारावर उस्तादासकट सहा ठिपके दिसत होते. ते थांबले की मी थांबायचो, ते हलले की बसल्या जागी माझे पाय हलायचे. माझा राग खोटा नव्हता, भागवत. हे मला इथं लिहायचं आहे. मी त्या वरच्या टोकावर आजवर गेलेलो नाही आणि आता जाणारही नाही, आणि त्याचं दुःख आजही पहिल्या दिवसासारखं आहे. तू दुधाच्या पावडरचा चहा करून माझ्यापुढं ठेवलास. मी तो बर्फावर ओतला. तू परत केलास, मी परत ओतला. तिसऱ्यांदा तू केला नाहीस. तू माझे गोठलेले बूट घेतलेस, तुझ्या झोपायच्या पिशवीत घातलेस, आणि तापलेल्या अंगानं त्यांना कवटाळून पडून राहिलास. संध्याकाळपर्यंत ते मऊ झाले होते.

पाच जण परत आले. तोंडं भाजलेली, हसत, एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत. रंगनाथनं आत पाऊल टाकलं आणि तुला म्हणाला, "भागवत, सोन्याचे व्हते का रे तुझे बूट?" सगळे खो खो हसले. मी हसलो नाही, म्हणून ते आणखी खरं वाटलं.

जालन्याला आल्यावर त्या बोटांची कातडी सोलून निघाली, नखं पडली. डॉक्टरांनी पाहिलं आणि विचारलं, यानंतर पुन्हा बर्फात गेला होतास का? मी नाही म्हणालो. "मग वाचलास. अजून एक दिवस घातला असतास तर दोन्ही कापावी लागली असती." दवाखान्याबाहेर तू उभा होतास. सायकल धरून. तू विचारलंस, काय म्हणाले? मी म्हणालो, "काही न्हाई झालं म्हणतेत. साधी थंडी व्हती. गेलो असतो तर चाललं असतं."

तुझा चेहरा पडला तो मी पाहिला. तेव्हा मला त्यात बरं वाटलं. तो राग होता, तो ओसरला असता. पण पुढं माझ्या ध्यानात आलं की तुझ्या त्या पडलेल्या चेहऱ्याला बाजारात मोल आहे.

मंठ्याला माझा माल उचलायला माणूस नसायचा, तेव्हा तुझ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी तुला तिथं घालवायला लावल्या. अंबडच्या कोर्टात साक्षीला माणूस हवा होता, तू शाळा बुडवून आलास. दर वेळी तुझ्या तोंडावर नकार यायचा आणि मी म्हणायचो, "बूट तर दिले न्हाईस. हे तरी दे." की तू उठायचास. आणि शेवटी ती जाफराबादची स्टँडाजवळची तुझी जागा. तिथं तुम्हाला घर बांधायचं होतं. पोरांना तालुक्याला शिकता आलं असतं. मला तिथं ताडपत्रीचं गोदाम हवं होतं. मी भाव पाडला, तू हो म्हणेनास. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्यांच्यासमोर मी ते वाक्य म्हणालो. तू म्हणालास, "ठीक हाय." वहिनी कपबशा न ठेवताच आत गेल्या.

माझी तुझ्यावर एक तक्रार आहे, आणि तू मेलास म्हणून ती मी सोडणार नाही. तू एकदाही का म्हणाला नाहीस, की लिंब्या, मला मोकळं कर? तुला तेवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी घासाघीस केली असती, आदळआपट केली असती, पण शेवटी केलं असतं. तू मागितलंच नाहीस. मागितल्याशिवाय द्यायची मला सवय नाही, हे तुला होस्टेलपासून माहीत होतं.

तेराव्यानंतर आठ दिवसांनी मी एकटाच तुझ्या गावी गेलो. जीप वेशीवरच ठेवली. सुमनवहिनी पडवीत बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी पदर सारखा केला आणि पाणी आणलं. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं त्यांनी वाईट केलं असं ते म्हणायचे. लई वेळा म्हणायचे. म्या विचारायची, काहून न्हाई दिले बूट? तर म्हणायचे, ते सांगायचं न्हाई."

तुझ्या बायकोलाही सांगितलं नव्हतंस.

मी सगळं सांगितलं. बोटं, भंडारा, बूट. त्या मध्येच रडतील असं मला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. वकिलासारखं एकेक विचारत गेल्या.

"डाक्टर काय म्हणले व्हते?"

मी सांगितलं.

"अन् ह्यांना तुम्ही काय सांगितलं?"

तेही सांगितलं.

"मंग ते मरस्तोवर असंच समजत व्हते, की आपण उगीच अडवलं?"

"हो."

"काहून?"

मी बरीच उत्तरं जुळवून आणली होती. ती सगळी बाजूला ठेवली. म्हणालो, "माझा फायदा व्हत व्हता, वहिनी."

त्या उठल्या, तांब्या आत ठेवून आल्या. मी म्हणालो, जाफराबादची जागा तुमच्या नावावर करून देतो, खर्चासकट, याच महिन्यात. त्या उभ्याच होत्या.

"हा बी सौदाच व्हय?"

मी उठायला लागलो.

"जागा करून द्या," त्या म्हणाल्या. "ती म्या घेणार. ती आमची व्हती. पण तेवढ्यानं मिटलं असं समजू नका. अन् मला एकटीला सांगून भागत न्हाई. ते पाच जण ह्या वट्यावर बसून हसून गेलेत. ज्या ज्या वेळेला आले त्या त्या वेळेला हसलेत, अन् हे बी त्यांच्यासंगं हसायचे. त्यांना सांगा."

जागेचे कागद झाले. तिथं त्या अंगठा न देता सही करून गेल्या, तूच शिकवलेली सही.

मग मी त्या पाचांच्या मागे लागलो. दोघांना फोन केला. एक म्हणाला, "बरं वाटलं ऐकून, शेठ." दुसरा म्हणाला, "गेलेल्या माणसाला असंच झाकून घ्यावं." मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय ते. पुण्याच्याला पत्र लिहिलं, त्याचं उलट पत्र आलं की वाचून डोळे भरून आले, इतकी वर्षं मनात राग धरूनही तुम्ही मित्रासाठी एवढा कमीपणा घेता. चौथ्यानं तर नीट ऐकूनही घेतलं नाही.

परवा मंठ्याला रंगनाथच्या दुकानात गेलो. खतांची पोती, दोन गिऱ्हाइकं. मी त्याला बाजूला घेतलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. संपल्यावर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"लिंबाजीशेठ, मन मोठं हाय तुमचं."

"अरे, मन कशाचं? मी खोटं बोलत व्हतो. आता खरं सांगून राह्यलो!"

"बराबर हाय. बिलकुल बराबर हाय. चहा सांगू का?"

माझं डोकं फिरलं. मी तिथंच पोत्यावर बसलो, बूट काढला, मोजा काढला आणि पाय त्याच्यापुढं धरला. ती दोन बोटं अजून वेडीवाकडी आहेत, नखं नीट आलीच नाहीत. "हे बघ! हा पुरावा न्हाई का?"

त्यानं वाकून पाहिलं. "ह्याच्यावर तर ट्रकचं टायर पडलं व्हतं ना? तुम्हीच सांगितलं व्हतं."

सांगितलं होतं. कुणीतरी कधीतरी विचारलं असेल तेव्हा काहीतरी सांगून मोकळा झालो असेन. मी काउंटरवर हात आपटला, मोठ्यानं बोललो, खंडोबाची शपथ घेतली. त्यानं पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला. "शांत व्हा, शेठ. जीवाभावाचा माणूस गेल्यावर व्हतं असं."

आयुष्यभर मी नको असलेला माल लोकांच्या गळ्यात मारला, भागवत. ही एक गोष्ट मी फुकट वाटत फिरतोय आणि कुणी हातात धरायला तयार नाही. तुझ्या बायकोनं तेवढं ते खरं मानलं. आणि तिनं मला माफ केलेलं नाही. बाकी सगळ्यांनी, न विचारता, माझी थोरवी गायली.

मी बूट चढवला आणि जीपमध्ये येऊन बसलो. किल्ली फिरवली नाही. समोर दुकानात रंगनाथ गिऱ्हाइकाला काहीतरी सांगत होता, माझ्याकडे बोट करून. तो म्हातारा शेतकरी वळला. त्यानं मला कधी पाहिलेलं नसणार. त्यानं खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं आणि मला दोन्ही हात जोडले.

मी काच वर केली.